समासात लिहिलेले नाव

अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या विद्वानाला एखाद्या वनस्पतीचे नाव घ्यायचे, तर अख्खे वाक्य म्हणावे लागे. रानपोपटीच्या जातकुळीतल्या एका झुडपाचे शास्त्रीय नाव असे होते: ‘फिझॅलिस अन्नुआ रामोसिस्सिमा, रामिस अंगुलोसिस ग्लाब्रिस, फोलिइस देन्तातो-सेर्रातिस’. म्हणजे वर्षभर जगणारी, पुष्कळ फांद्यांची, कोनदार आणि गुळगुळीत डहाळ्यांची, दातेरी पानांची फिझॅलिस. लॅटिन जाणणाऱ्यापुढे या नावानेच झाड उभे राही, हे खरे. पण ते पाठ कोण करणार आणि बांधावर उभे राहून वहीत किती वेळा उतरवणार? शिवाय याच कुळातली आणखी एखादी जात सापडली, की दोघींत घोळ होऊ नये म्हणून जुन्या नावात नवे शब्द घालावे लागत. लायडनचा वैद्य एक नाव घेई, पॅरिसचा दुसरे. बाझेलच्या गास्पार बोआँ याने १६२३ साली सुमारे सहा हजार वनस्पतींची नावे आणि त्यांचे पर्याय एका ग्रंथात गोळा केले होते. त्यातली काही नावे दोनच शब्दांची होती. पण त्यामागे नियम नव्हता. आणि मलबार, जमैका, केप इथून परतणारी जहाजे तर दरवर्षी नवी बियाणी, नवे कंद आणि वाळवलेल्या फांद्यांचे गठ्ठे बंदरात उतरवत होती. नावांचा गुंता वाढतच चालला होता.

तो सोडवला एका स्वीडिश पाद्र्याच्या मुलाने. त्याची उमेदीची वर्षे या कामात गेली, आणि ज्या युक्तीने गाठ सुटली तिला तो स्वतः किरकोळ सोय समजत होता.

कार्ल लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. तिकडच्या खेड्यांत तेव्हा कायमच्या आडनावाची रीत नव्हती. बापाच्या नावावरून मुलाची ओळख पटे. कार्लचे वडील निल्स शिकायला गेले, तेव्हा त्यांनी घराण्याच्या जमिनीवरच्या एका जुन्या लिंडन वृक्षावरून ‘लिनियस’ हे लॅटिन आडनाव घेतले. वडिलांना बागेचा नाद होता आणि मुलाला त्यांनी चालता येण्याआधीच फुलांचा लळा लावला. पोर झाडांची नावे सारखी विचारी आणि विसरे. शेवटी वडिलांनी बजावले, की सांगितलेली नावे ध्यानात ठेवणार नसशील, तर पुढचे एकही सांगणार नाही. या धाकाचा मुलावर जन्मभराचा परिणाम झाला.

शाळेत मात्र त्याचे जमेना. व्हेक्शो गावच्या शिक्षकांनी वडिलांना सांगून टाकले, की हा मुलगा धर्मोपदेशक होण्यातला नाही. याला एखादा हातधंदा शिकवा. निराश झालेले निल्स आपल्या दुखण्यासाठी योहान रोटमान या वैद्याकडे गेले असता मुलाचा विषय निघाला. रोटमान यांनी पोराची नजर हेरली होती. याला वैद्यक शिकवा, असे म्हणून त्यांनी कार्लला स्वतःकडे ठेवून घेतले. औषधे वनस्पतींची, त्यामुळे त्या काळी वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र एकाच दारातून शिरत.

१७२७ साली तो लुंड विद्यापीठात पोचला आणि किलियन स्टोबेयस या वैद्याच्या घरी राहू लागला. स्टोबेयस यांचे ग्रंथालय मोठे होते, पण कुलूपबंद. घरातच राहणाऱ्या एका विद्यार्थ्याशी संधान बांधून कार्ल रात्री पुस्तके मिळवी आणि पहाटेपूर्वी जागेवर पोचवी. स्टोबेयस यांच्या वृद्ध आईला झोप कमी. या मुलाच्या खोलीत रात्रभर मेणबत्ती जळते, घराला एखाद दिवशी आग लागेल, अशी तिने तक्रार केली. पोरगा दिवा न विझवता झोपतो असे समजून मालक मध्यरात्रीनंतर खोलीत शिरले, तर तो जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत बुडालेला. शिक्षेची वाट पाहणाऱ्या कार्लला ग्रंथालय मोकळे झाले.

उप्साला विद्यापीठात तो १७२८ साली आला तो फाटक्या खिशाने. बुटांच्या तळव्यांना भोके पडली, तेव्हा आत कागद घालून दिवस काढले. तिथली वनस्पतींची बाग दुर्लक्षाने उजाड झाली होती. १७२९ मध्ये त्या बागेत काहीतरी टिपत बसलेल्या या तरुणापाशी एक वयस्क गृहस्थ थांबले आणि झाडांची नावे विचारू लागले. प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर आले. गृहस्थ होते ओलोफ सेल्सियस, बायबलमधल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे धर्मशास्त्रज्ञ आणि तापमापक करणाऱ्या अँडर्स सेल्सियसचे काका. त्यांनी त्याला घरी नेले, जेवूखाऊ घातले. त्या उपकाराच्या उतराईसाठी कार्लने वनस्पतींच्या ‘विवाहा’वर एक निबंध लिहून त्यांना दिला. फुलातले पुंकेसर हे नर आणि स्त्रीकेसर ही मादी. यांची संख्या मोजूनच सगळ्या वनस्पतींचे वर्ग पाडता येतील, हा विचार त्याच्या मनात मूळ धरत होता. १७३० साली, विद्यार्थी असतानाच, त्याला बागेत इतरांना शिकवण्याचे काम मिळाले.

याच काळात त्याला जिवाचा मित्र भेटला. पीटर आर्टेडी उंच, अबोल आणि माशांचा वेडा. लिनियस बुटका, बोलघेवडा, फुलांचा वेडा. दोघांनी सृष्टी आपापसांत वाटून घेतली आणि करार केला, की जो मागे उरेल त्याने दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करून छापावे. विशी-पंचविशीतल्या पोरांना असा करार सोपा वाटतो.

पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १७३२ च्या मे महिन्यात, लिनियस एकटाच घोड्यावर बसून उत्तरेकडच्या लॅपलँडकडे निघाला. बर्फ वितळून फुगलेल्या नद्या, दलदली, डास आणि उपासमार यांना तोंड देत तो काही महिन्यांनी परतला, तेव्हा त्याच्या गाठोड्यात शंभराहून अधिक वनस्पती होत्या. पाइनच्या सावलीत जमिनीलगत पसरणारी, गुलाबी घंटांसारख्या जुळ्या फुलांची एक छोटी वेल त्याची आवडती झाली. पुढे तिला ‘लिनिया बोरेआलिस’ हे नाव मिळाले. ‘बोरेआलिस’ म्हणजे उत्तरेची.

त्या काळी डॉक्टरकीची पदवी घ्यायला स्वीडिश तरुण हॉलंडला जात. १७३५ मध्ये लिनियसही निघाला. वाटेत हॅम्बुर्गमध्ये एक सात तोंडांचा ‘जलराक्षस’ जपून ठेवला होता आणि त्यासाठी मोठमोठ्या किमती बोलल्या जात होत्या. लिनियसने दात निरखले आणि हा मुंगसाच्या जातीच्या प्राण्यांचे जबडे आणि सापाचे कातडे जोडून केलेला बनाव आहे, हे सर्वांना सांगून टाकले. राक्षसाची किंमत कोसळली आणि मालकाच्या रागापासून वाचण्यासाठी पाहुण्याला शहर सोडावे लागले. हॉलंडमध्ये हार्डरव्हाइक इथे त्याने आठवड्याभरात पदवी मिळवली. लायडनच्या ग्रोनोव्हियसने त्याचे एक हस्तलिखित पाहिले आणि छपाईचा भार उचलला. हाच ‘सिस्टेमा नातुराए’, निसर्गाची संपूर्ण मांडणी सांगणारा जेमतेम डझनभर भव्य पानांचा ग्रंथ. दगड, झाडे आणि प्राणी त्यात कोष्टकांत बसवले होते.

पुढची घटना कादंबरीत शोभावी अशी. अ‍ॅमस्टरडॅमचे योहानेस बुर्मान श्रीलंकेच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहीत होते आणि लिनियस त्यांच्या घरी मदतनीस म्हणून राहात होता. हार्लेमजवळच्या हार्टेकाम्पचा मालक, धनाढ्य बँकर जॉर्ज क्लिफर्ड याच्या बागेत दोघे गेले. क्लिफर्डला हा तरुण इतका आवडला, की त्याने तो आपल्याला द्यावा अशी बुर्मान यांना गळ घातली. बुर्मान सोडेनात. मग क्लिफर्डच्या संग्रहातला हान्स स्लोन यांचा जमैकावरचा एक दुर्मीळ खंड त्यांच्या नजरेत भरला. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत, असे क्लिफर्ड म्हणाला, आणि पुस्तकाच्या बदल्यात वनस्पतिशास्त्रज्ञ असा सौदा ठरला. हार्टेकाम्पच्या काचघरात लिनियसने केळीला उष्णकटिबंधासारखी वागणूक दिली. आधी कोरडे ठेवून मग भरपूर पाणी पाजले, आणि केळ फुलली. त्यावर त्याने स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

पण त्याच १७३५ च्या सप्टेंबरात अघटित घडले. लिनियसच्या खटपटीने आर्टेडीला अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका संग्राहकाचे मासे वर्णन करण्याचे काम मिळाले होते. मेजवानीहून रात्री परतताना तो अंधारात कालव्यात पडला आणि बुडाला. वय अवघे तिशीचे. खोलीचे भाडे थकले म्हणून घरमालकाने त्याची हस्तलिखिते अडकवून ठेवली. क्लिफर्डने पैसे भरले, लिनियसने कागद सोडवले आणि १७३८ साली मित्राचा मत्स्यग्रंथ मित्राच्याच नावाने प्रसिद्ध केला. करार पाळला गेला.

लिनियसला डच येत नव्हते, फ्रेंच आणि इंग्रजीही नाही. सगळीकडे तो लॅटिनवर निभावून नेई. १७३६ साली तो इंग्लंडला गेला तेव्हाचा ऑक्सफर्डचा प्रसंग त्याने पुढे सांगितला आहे. तिथले प्राध्यापक डिलेनियस यांनी त्याच्यासमोरच सोबत्याला इंग्रजीत म्हटले, की सगळ्या वनस्पतिशास्त्रात गोंधळ माजवणारा तरुण तो हाच. इंग्रजीचा गंध नसलेल्या लिनियसने त्यातला ‘कन्फाउंड’ हा एक शब्द पकडला. त्याचा लॅटिन पूर्वज त्याला चांगला परिचित होता. तो काही बोलला नाही. निघण्यापूर्वी मात्र त्याने आपण कुठला गोंधळ माजवला, असे सरळ विचारले. डिलेनियस यांनी त्याच्या छापील पानांवर केलेल्या खुणा दाखवल्या. दोघे बागेत गेले, वादातली फुले उघडून पाहिली, आणि प्रत्येक वेळी पाहुण्याचेच निरीक्षण खरे ठरले. मग यजमानच त्याला जाऊ देईनात. माझ्या पगारात वाटा घे, पण इथेच राहा, असे म्हणू लागले.

१७३७ साली त्याने नावांचे नियम सांगणारा ग्रंथ काढला. कुळाचे नाव एका शब्दाचे असावे, चांगल्या वनस्पतिशास्त्रज्ञाची स्मृती त्यात जपावी, आणि शक्य तर झाड व माणूस यांच्यात काही साम्य असावे. बोआँ घराण्यातले दोघे भाऊ थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाच्या ‘बाउहिनिया’ला दोन दलांचे पान. आपला दसऱ्याचा आपटा याच कुळातला. कोमेलिन घराण्यातले दोघे नावाजले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. ‘कॉमेलिना’ला दोन पाकळ्या ठळक आणि तिसरी फिकी, लहान. पावसाळ्यात शेताच्या कडेला निळी फुले उघडणारा केना तो हाच. सेंट पीटर्सबर्गचे योहान सिगेसबेक यांनी फुलांच्या विवाहाच्या कल्पनेला अश्लील ठरवून तिच्यावर हल्ला चढवला. त्यांच्या नावाने ओळखले जाते ते ‘सिगेसबेकिया’, अंगाला चिकटणारे, क्षुल्लक फुलांचे तण.

कुळाचे नाव असे सुटसुटीत झाले. जातीचे नाव मात्र होते तिथेच राहिले. लिनियसच्या मते जातीचे नाव म्हणजे तिचे नेमके वर्णन. दुसऱ्या जातीपासून तिला वेगळे करणारे लक्षण नावातच असले पाहिजे. लांबी बेताबाहेर जाऊ नये म्हणून त्याने कमाल बारा शब्दांची मर्यादा घातली. या बाबतीत तो इतका ठाम होता, की दुसरा काही मार्ग असू शकतो हे त्याच्या मनातही येत नसे. नावाच्या खांद्यावर त्याने एकाच वेळी दोन कामे टाकली होती, ओळख पटवण्याचे आणि हाक मारण्याचे. त्या जोखडाखाली नाव वाकले होते.

१७३८ साली तो मायदेशी परतला, स्टॉकहोममध्ये वैद्यकी केली, लग्न केले आणि १७४१ मध्ये उप्सालात प्राध्यापक झाला. उजाड बाग पुन्हा बहरली. उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांना घेऊन रानात निघे. हलक्या कपड्यांतली शे-दीडशे मुले गटागटाने पांगत, काही विशेष सापडले की तुतारी वाजे, सगळे गुरूभोवती जमत. आणि संध्याकाळी नगारे-तुताऱ्यांच्या गजरात, टोप्यांत फुले खोचून, त्याचा जयजयकार करीत मिरवणूक शहरात परते. या मुलांना वेगाने टिपणे घ्यावी लागत. बारा शब्दांचे नाव लिहून होईपर्यंत गुरू पुढच्या झाडाशी पोचलेला असे.

पहिली फट पडली ती एका सूचीत. १७४१ साली रंगांसाठी आणि औषधांसाठी उपयोगी वनस्पती शोधायला सरकारने त्याला ओलांड आणि गोटलांड या बेटांवर पाठवले होते. त्या प्रवासाचे पुस्तक १७४५ मध्ये स्वीडिश भाषेत निघाले. त्याच्या सूचीत लांब नावे बसेनात, म्हणून त्याने कुळाच्या नावापुढे एक-एक शब्द लावून वेळ मारून नेली. त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही; बहुधा त्याचेही नाही.

जगातल्या सर्व ज्ञात वनस्पतींचा एकच ग्रंथ, हे त्याचे स्वप्न. १७४६ च्या सुमारास त्याने लिहायला घेतले आणि दोन वर्षांत हात टेकले. सामग्रीच आवरेना. कोपनहेगनहून एका औषधविक्याकडे सापडलेला श्रीलंकेचा जुना संग्रह आला होता, शिष्य दूरदेशी पांगले होते. चीनकडे निघालेला ट्यर्नस्ट्र्योम वाटेतच ज्वराने मेला. त्याच्या पत्नीचा आक्रोश गुरूला ऐकावा लागला. इतक्या मोलाने येणाऱ्या वनस्पतींना नाव द्यायचे, तर प्रत्येक नव्या जातीपायी जुनी डझनभर नावे पुन्हा घडवायची.

कोंडी फुटली ती कुरणात. स्वीडन गरीब शेतकऱ्यांचा देश. कोणता चारा कोणते जनावर खाते आणि कोणता नाकारते, हे नीट कळले तर कुरणे सुधारता येतील, अशा विचाराने लिनियसने मुलांना कामाला लावले. गाय, शेळी, मेंढी, घोडा आणि डुक्कर यांच्यामागे मुले वही घेऊन फिरू लागली. एकेक झाड जनावरापुढे धरायचे, तोंड लावले की फिरवले ते टिपायचे. दोन हजारांहून अधिक चाचण्या झाल्या. जनावर काही थांबत नाही. मेंढी पान तोंडात घेऊन तिसरीकडे निघालेली असताना ‘अमुक आकाराच्या, लवदार पानांची, गोल दांड्याची’ हे सगळे कोण लिहीत बसणार? तेव्हा लिनियसने पोरांच्या हाती जुनी सूचीतली युक्ती दिली: कुळाचे नाव, पुढे एक सोयीचा शब्द. १७४९ मध्ये ‘पान स्वेसिकुस’ या प्रबंधात हे कोष्टक छापून निघाले. नाव ग्रीकांच्या मेंढपाळ देवाचे, पान याचे.

इथे कुणी आनंदाने ओरडत रस्त्यावर धावले नाही. पण छापील रकाने समोर आले तेव्हा एक गोष्ट लख्ख झाली. दोन शब्दांनी काम भागले होते आणि कुठेही घोटाळा झाला नव्हता. तो दुसरा शब्द झाडाचे वर्णन करीत नव्हता, निदान पुरे वर्णन तर नाहीच. तो फक्त हाक मारीत होता. वर्णन पुस्तकात शोधता येई. हाकेला मात्र दोन शब्द पुरत. नव्या जाती कितीही सापडोत, जुने नाव बदलण्याचे कारण उरत नव्हते. नावाच्या खांद्यावरचे एक ओझे उतरले आणि ते चालू लागले.

१७५० साली संधिवाताने तो अंथरुणाला खिळला. तशाही अवस्थेत त्याने आपले शास्त्राचे सूत्रग्रंथ पेर ल्योफलिंग या लाडक्या शिष्याला सांगून लिहवून घेतले. १७५१ मध्ये ते छापले. रानटी स्ट्रॉबेरी भरपूर खाल्ल्याने आपण बरे झालो, असे तो नंतर सगळ्यांना सांगे. त्याच वर्षी पेर काल्म उत्तर अमेरिकेहून पोतीच्या पोती वनस्पती घेऊन परतला. त्या आनंदात लिनियसला दुखण्याचा विसर पडला आणि अर्धवट टाकलेला महाग्रंथ त्याने पुन्हा उघडला. या खेपेला लेखणी सपासप चालली. १७५२ मध्ये आणखी एक शिष्य, हासेलक्विस्ट, स्मिर्नाजवळ मरण पावला. त्याचा संग्रह सावकारांनी धरला होता. तो राणीने पैसे देऊन सोडवला.

१७५३ साली स्टॉकहोमला ‘स्पेसिएस प्लांतारुम’ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. बाराशे पाने, सुमारे ५,९०० जाती. प्रत्येक जातीपाशी तिचे रीतसर, लांबलचक नाव मोठ्या मानाने छापलेले. त्याखाली जुन्या ग्रंथकारांची नावे आणि वनस्पतीचे राहण्याचे ठिकाण. बाजूला समासात, तिरप्या अक्षरांत एकेक शब्द. ती त्याची ‘क्षुल्लक नावे’, कारण खरे नाव तो अजूनही बारा शब्दांचेच मानत होता. जगाने निवाडा उलटा दिला. मुख्य ओळी हळूहळू पुसल्या गेल्या आणि समासातला शब्द पुढे आला.

तो एका दिवसात आला नाही. लंडनचा कापडव्यापारी आणि बागप्रेमी पीटर कॉलिन्सन हा मित्रच, तरी त्याने १७५४ मध्ये लिहून कळवले, की इतकी नवी नावे सामान्य रसिकाला पेलणार नाहीत. फिलिप मिलर यांच्या बागकामाच्या कोशाने ही पद्धत स्वीकारली ती थेट १७६८ च्या आवृत्तीत. पण माळी, औषधविके, जहाजावरचे वैद्य यांना ती सोयीची होती, आणि सोयीपुढे पांडित्य फार टिकत नाही.

लिनियसने भारत कधी पाहिला नाही. तरीही त्या समासात आपले परसदार आहे. लाजाळू ‘मिमोसा पुदिका’ झाली, म्हणजे लाजणारी. कळलावी ‘ग्लोरिओसा सुपर्बा’, दिमाखदार वैभवाची. पारिजातक ‘निक्टान्थेस आर्बोर-ट्रिस्टिस’, रात्री फुलणारा दुःखी वृक्ष. पहाटे फुले गाळणाऱ्या या झाडाला दुःखी म्हणणारे वर्णन गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात आहे. चाफ्याचे ‘चंपाका’ हे नाव कोचीनच्या डच सेनापती व्हान रेडे यांच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडी ग्रंथाच्या वाटेने आले. लिनियसला या ग्रंथाचा मोठा आधार होता. तो घडवताना इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यासह रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही राबले होते. त्यांचे २० एप्रिल १६७५ चे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. फोडणीतल्या कढीपत्त्याला बहुतेक पुस्तकांत ‘मुरैया कोएनिगी’ म्हणतात. मरे आणि क्योनिग हे दोघेही लिनियसचे शिष्य, आणि क्योनिग तर १७६८ मध्ये तरंगमबाडीला येऊन दक्षिण भारतातच वारला.

समासातला शब्द खोटा निघाला तरी चालतो, याचाही पुरावा त्याच ग्रंथात आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणारा एक निळ्या फुलांचा कंद ‘सिला पेरुव्हियाना’, म्हणजे पेरूचा, या नावाने नोंदला गेला. तो पेरूहून आला असा समज आधीच्या ग्रंथकाराचा होता. चूक कळली, नाव राहिले. आजही त्या शब्दाने तोच कंद मिळतो.

१७७४ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी लिनियसला घेरले. चरित्रकार लिहितात, की आपलेच ग्रंथ समोर आल्यावर तो त्यांची तारीफ करी, पण ते आपले आहेत हे त्याला ओळखता येत नसे. हजारो वनस्पतींना नाव देणाऱ्या माणसाला अखेरीस स्वतःचे नावही आठवेनासे झाले. १० जानेवारी १७७८ रोजी त्याचे निधन झाले. व्हिएन्नाच्या १९०५ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वनस्पतींच्या नावांचा आरंभबिंदू म्हणून १७५३ चाच ग्रंथ मानला.

ही नावे उच्चारायची कशी, हा प्रश्न मात्र कुठल्याच परिषदेला सुटला नाही. हरभरा म्हणजे ‘सिसर अरिएटिनुम’, मेंढ्याच्या डोक्यासारख्या दाण्याचा. इंग्रजी शिक्षणातला माणूस त्याला ‘सायसर’ म्हणेल, प्राचीन रोमन वळणाचा ‘किकेर’, इटालियन ‘चिचेर’. केंब्रिजच्या एका पुस्तकाच्या दुकानात नोकरीला लागलेला विल्यम स्टर्न स्वतःच्या बळावर वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्यानेच लिनियसच्या ग्रंथाच्या १९५७ च्या पुनर्मुद्रणाला लिहिलेल्या प्रस्तावनेत दोन शब्दांच्या युक्तीचा माग काढत काढत ‘पान स्वेसिकुस’च्या कुरणापर्यंत वाट नेली. १९६६ मध्ये त्याचे ‘बोटॅनिकल लॅटिन’ आले. उच्चाराबद्दल त्याचे मत मोकळे होते: कानाला बरे वाटावे आणि समोरच्याला कळावे, एवढे पुरे. हाकेला याहून जास्त लागत नाही.

नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची सक्तीही १ जानेवारी २०१२ पासून सुटली. सह्याद्रीच्या सड्यांवर आजही नव्या वनस्पती सापडतात. त्यांचे वर्णन शोधणाऱ्याने इंग्रजीत केले तरी चालते. नाव मात्र दोनच शब्दांचे आणि लॅटिन व्याकरणाच्या शिस्तीत बसणारे द्यावे लागते. आणि जिच्यासाठी ते दिले, ती वनस्पती पुढे त्याच नावाने शोधली जाते.